मराठी येणारं माणूस

अप्पा इतक्या वर्षांनी तिच्याशी पहिल्यांदा बोलले, ते ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ असं लिहून. नंदिताच्या पडद्यावर त्या वेळी बरेच चौकोन उघडे होते. एकात कुणाला व्हीलचेअर भाड्यानं हवी होती, दुसऱ्यात रक्त घ्यायला येणारा माणूस अजून आला नाही म्हणून कुणी चिडलं होतं, तिसऱ्यात एका बाईनं सासूच्या पाठीवरच्या जखमेचा फोटो पाठवून पुढे नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. त्यांच्या खाली हा नवा चौकोन लाल होऊन उघडला आणि त्यात तोच मजकूर एकाखाली एक तीनदा आलेला दिसला. इंग्रजीतला रीतसर अर्ज. माझी पत्नी घरात घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आता तिला घरी आणणं आहे, तरी पलंग आणि देखभालीला एक बाई देण्याची कृपा व्हावी. खाली ‘युअर्स फेथफुली’ आणि त्याखाली पूर्ण नाव. प्रत्येक अर्जाखाली यंत्रानं ‘माफ करा, मला समजलं नाही. पलंगासाठी एक दाबा, देखभालीसाठी दोन दाबा’ असं उत्तर दिलं होतं, आणि प्रत्येक वेळी अप्पांनी आकडा न दाबता सबंध अर्ज पहिल्यापासून पुन्हा पाठवला होता. नाव वाचायच्या आधीच तिनं वडिलांना ओळखलं. शाळेत ताप आला म्हणून रजेची चिठ्ठी असो, कॉलेजातली फी माफ व्हावी म्हणून विनंती असो, अप्पा अशीच भाषा सांगत आणि ती लिहून घेत असे. रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म टिपणं लिहिली होती. माणसाशी बोलायचं तर अर्जानंच बोलावं, एवढाच त्यांचा रिवाज होता.

कंपनीचा सगळा कारभार चॅटवर चाले. घरी परिचारिका हवी, औषधं हवीत, वरखाली होणारा पलंग हवा, ॲम्ब्युलन्स हवी, तर एका नंबरावर मेसेज टाकायचा. पलीकडून ‘निला’ उत्तर देई. निला म्हणजे तमिळमध्ये चंद्र. निला आधी यंत्र असे. माणसाचं म्हणणं यंत्राला कळेनासं झालं, की तो चौकोन अण्णा नगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या या गार खोलीत बसलेल्या कुठल्यातरी मुलीकडे येई आणि तिथून पुढे ती मुलगी निला होई. गिऱ्हाइकाला हा बदल कळू द्यायचा नाही, असा नियम होता. तयार वाक्यं असत, ती निवडून टाकायची. नंदिता या कामात तरबेज होती. दुसऱ्याच्या घरातलं आजारपण तिच्या बोटांखालून दिवसभर वाहत जाई आणि संध्याकाळी हात धुतले की संपे. आज मात्र तिची बोटं कळफलकावर नुसती पडून राहिली. आई पडली. कुठे पडली? न्हाणीच्या उंबऱ्यात की मागच्या पायरीवर? शेजारच्या खुर्चीवरून सौम्यानं विचारलं, “एन्नाडी, काय झालं?” नंदितानं मान हलवली, काही नाही. मग तिनं तयार वाक्यांतलं पहिलं वाक्य निवडलं. ‘वणक्कम, मी निला. आपल्याला काय मदत करू?’ अप्पांना.

विल्लिवाक्कमचं ते घर या खोलीपासून काही लांब नव्हतं. बसनं गेलं तर एका डुलकीचंही अंतर नाही. पण त्या घराच्या दारात अप्पा तिला म्हणाले होते, “ते घर तुजं. इकडें तुजला जागा नाही.” ते घर म्हणजे आत्याचं, तिचं सासर. आत्याच्या मुलाला मुलगी देणं ही त्यांच्या तंजावरी मराठी लोकांत जुनीच रीत. तंजावरहून चेन्नईला आलेल्या किती घरांत तशी लग्नं झालेली. अप्पांची आई लवकर गेली, आत्यानंच त्यांना वाढवलं. त्या आत्यानं नंदिताला अमरसिंहासाठी मागितलं, तेव्हा अप्पांना कुणी पदवी दिल्यासारखं वाटलं होतं. अमरसिंह वाईट नव्हता. तो मारत नसे, शिव्या देत नसे. तो बोलतच नसे. जेवणाच्या टेबलाशी, बिछान्यात, गाडीवर मागे बसलेली असताना, दिवसच्या दिवस एक शब्द नाही. हवं ते तो आईला सांगे आणि आत्या नंदिताला सांगे. वर्ष-दीड वर्षानं नंदिताला आपलाच आवाज अनोळखी वाटू लागला, तेव्हा ती बॅग भरून माहेरी आली. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मारिला नाही ना? मग काय?” आई आतल्या दाराला धरून उभी होती. नंदिता चपला घालू लागली तेव्हा ती घाईनं पुढे आली आणि म्हणाली, “नंदू, जेवलीस की?” त्या घरात कुणाला थांब म्हणायचं झालं तर एवढंच म्हणत. नंदिता थांबली नाही.

पुढे ती बायकांच्या हॉस्टेलात राहिली, मग या नोकरीवर अण्णा नगरात एक खोली घेतली. आई शेजाऱ्यांच्या फोनवरून कधीमधी फोन करी, श्वास दाबून बोले, काय केलंस, काय खाल्लंस, केसाला तेल लावतेस की नाही. मग आत्याच्या घरून फोन येऊ लागले, आत्याचे, आत्याच्या जावयाचे, एकदा कुठल्याशा वकिलाचे, आणि एका दुपारी संतापाच्या भरात नंदितानं नंबरच बदलून टाकला. आईला जुना नंबर तोंडपाठ होता. नवा कळवायचा कसा, हे शेजाऱ्यांचा नंबर जुन्या सिमबरोबर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. कळवू पुढे, असं तिनं मनाशी म्हटलं. दिवाळीला कळवू. मग एक दिवाळी गेली आणि दुसरी गेली आणि न कळवण्याचीच एक सवय झाली, दुखऱ्या दाताच्या बाजूनं चावायचं नाही अशी माणसाला सवय होते तशी.

अप्पांकडे पलंग गेला, बाई गेली. अंजलै नावाची, गुम्मिडिपूंडीकडची, कामाला चोख म्हणून नोंद असलेली. नंदितानंच यादीतून ती निवडली. दुसरी कुणी पुढे होती, तिला मागे सारून. अप्पांचा चौकोन बंद झाल्यावरही तिनं तो स्वतःच्या नावावर ठेवून घेतला, म्हणजे त्यांचा पुढचा मेसेज यंत्राकडे न जाता थेट तिच्याकडे येईल. आणि अप्पांचे मेसेज येऊ लागले. आधी अर्ज, मग जरा आखूड अर्ज, मग नुसतीच टिपणं. ‘पेशंट रात्री झोपली नाही.’ ‘पेशंटला आज बसवलं.’ ‘अंजलै वक्तशीर आहे, नोंद घ्यावी.’ असलं काही कंपनीला कळवायची गरज नसते, कुणी कळवत नाही. अप्पांना ते ठाऊक नव्हतं, किंवा घरात सांगायला दुसरं कुणी नव्हतं. नंदिता उत्तर देई. ‘औषध वेळेवर घेतलं का?’ ‘पायाला सूज आहे का?’ प्रत्येक प्रश्न निलानं विचारावा असाच असे, आणि त्याच्याखाली तिचा स्वतःचा प्रश्न असे. अप्पांचं उत्तर येईपर्यंत तिची नजर दुसऱ्या चौकोनांवर ठरत नसे. संध्याकाळी ती रस्त्यावर उतरे तेव्हा टॉवर पार्कच्या कडेनं चालताना तिला वाटे, आज आईनं इडली खाल्ली. आज आईला उन्हात बसवलं. इतक्या वर्षांत तिला आईचं एवढं कळलं नव्हतं. लाज वाटावी असं सुख होतं ते. आई अंथरुणाला खिळली होती आणि तिला मात्र आई परत मिळाल्यासारखं वाटत होतं.

जावं, असं तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पण आपण गेलो आणि अप्पांनी दारातच पुन्हा तेच म्हटलं, तर? मग हा चौकोनही जाईल. निला कोण हे त्यांना कळलं तर ते एक अक्षर लिहिणार नाहीत. दुसरी कंपनी बघतील. हातात आहे तेवढं राखावं, जास्तीचा लोभ धरून आहे तेही घालवू नये, असा काहीतरी हिशेब तिचं मन करत असे, आणि त्या हिशेबाला ती शहाणपण म्हणे. सौम्याला तिनं एकदा आडून विचारलं, “एखादं गिऱ्हाईक आपल्या ओळखीचं निघालं तर?” सौम्या हसली. “मग काय, चौकोन दुसरीला दे. ओळखीच्या माणसाचं काम इथून करू नये, डोकं फिरतं.” नंदितानं चौकोन दिला नाही.

मग आईनं खाणं टाकलं. अप्पांनी लिहिलं, ‘पेशंट अन्न नाकारते. सगळं कडू लागतं म्हणते. डॉक्टरांनी तांदळाची कंजी सांगितली, तीही घेत नाही. काय करावं ते कळवावं.’ शेवटचं वाक्य तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. काय करावं ते कळवावं. अप्पांनी आयुष्यात कुणाला असं विचारलेलं तिनं ऐकलं नव्हतं. तयार वाक्यांत उत्तर होतं, ‘कृपया आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधा’, ते तिनं निवडलंही, आणि पाठवायच्या आत पुसलं. लहानपणी तिला ताप आला, तोंडाची चव गेली, की आई उडदाचं पीठ भाजून ताकात कालवायची, वर हिंगाची फोडणी, आणि बोटानं चाटवायची. आईला स्वतःलाही आजारपणात तेवढंच चाले. नंदितानं लिहिलं, ‘डांगर करून बघा. ताकात पातळ. मिरची नको. आणि आधी तुम्ही त्यांच्यासमोर बसून जेवा. तुम्ही जेवल्याशिवाय त्या घास घेणार नाहीत.’ बोट टेकलं आणि मेसेज गेला. गेल्यावर तिनं वाचला. डांगर. हा शब्द चेन्नईतल्या कुठल्या निलाला ठाऊक असेल? यंत्राला नाही, सौम्याला नाही, या सबंध मजल्यावर कुणाला नाही. मेसेजखालच्या खुणा निळ्या झाल्या. अप्पांनी वाचलं. ‘लिहीत आहेत’ असं उमटलं. मग ते गेलं. मग पुन्हा उमटलं. खोलीतल्या गार हवेत तिच्या मानेवर घाम फुटला. पलीकडे अप्पा फोन हातभर लांब धरून, चष्मा कपाळावर सरकवून बसले असतील, उजव्या हाताची तर्जनी तेवढी पुढे. ते चित्र तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा चौकोन रिकामा होता.

दुपार उलटल्यावर मेसेज आला. ‘पेशंटनं थोडं घेतलं. आभारी आहे.’ आणि त्याच्याखाली, जरा वेळानं: ‘आणखी एक विनंती. देखभालीला मराठी येणारं माणूस हवं आहे. आपल्याकडे तसं कुणी असल्यास पाठवावं.’

आधी तिला हायसं वाटलं. म्हणजे कळलं नाही. कळलं असतं तर असं कामाचं लिहिलं नसतं. मग त्या विनंतीचा अर्थ तिला उमगला. आईचं तमिळ गेलं. म्हाताऱ्या माणसांचं असं होतं, तिनं या खुर्चीत बसून किती घरांत पाहिलं होतं: आजार मागून शिकलेलं सगळं धुऊन नेतो, आणि पहिली, पाळण्यातली भाषा तेवढी तळाशी उरते. आईची पाळण्यातली भाषा म्हणजे घरातली ती जुनी, तंजावरची मराठी, जी आता चार घरांपलीकडे कुणाला कळत नाही, जी ऐकली की पुण्या-मुंबईची माणसं हसतात. आई त्या भाषेत पाणी मागत असेल आणि अंजलै भांबावून अप्पांकडे बघत असेल. नंदितानं बायकांची यादी उघडली. भाषेच्या रकान्यात तमिळ, तेलुगू, मलयाळम, हिंदी. मराठी असा पर्यायच नव्हता. तिनं तरी यादी तळापर्यंत बघितली. मराठी येणारी एकच बाई या मजल्यावर होती आणि ती यादी बघत होती.

मीच येते, असं लिहायला दोन शब्द पुरले असते. तिनं ते लिहिलेही, इंग्रजीत, मग मराठीत. इंग्रजीत ते निलाचे वाटले आणि मराठीत कुणाचेच वाटेनात. मागून राममूर्ती आले. शिफ्टचे प्रमुख, शांत माणूस, कुणाच्या खुर्चीमागे फार वेळ थांबत नसत. “हा चौकोन बराच वेळ उघडा आहे, नंदिता. अडलंय काही?” “नाही सर,” ती म्हणाली आणि घाईघाईत तिनं तयार वाक्य निवडलं. ‘क्षमस्व, आपण मागितलेली सेवा सध्या उपलब्ध नाही.’ खुणा लगेच निळ्या झाल्या, जणू अप्पा फोन हातातच धरून बसले होते. उत्तर यायला मात्र वेळ लागला. ‘नोंद घेतली,’ अप्पांनी लिहिलं. आणि मग, ‘कधीही उपलब्ध झाल्यास कळवावं. वेळेचं बंधन नाही. आम्ही वाट पाहू.’

त्या आठवड्यातल्या सुटीच्या दिवशी ती गेली. केस धुतले, साडी नेसली, ती परत सोडून सलवार-कमीज घातला, वाटेत मोगऱ्याचा गजरा घेतला. विल्लिवाक्कमला बसमधून उतरल्यावर पायांना रस्ता आपोआप आठवला: पिठाची गिरणी, झेरॉक्सचं दुकान, विनायकाचं छोटं देऊळ. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि बायका रंगीत घागरी लावून उभ्या होत्या. टँकरच्या आडोशाला थांबून तिनं बघितलं. घराला नवा रंग नव्हता, जुनाही धड उरला नव्हता. गच्चीवर एक सावळी, अंगानं भरलेली बाई कपडे वाळत घालत होती, अंजलै असणार. तिनं झटकून पसरली ती आईची पोपटी साडी होती, नंदिताच्या लग्नातली. मग दार उघडलं आणि अप्पा बाहेर आले. हातात कापडी पिशवी. ते वाळले होते. शर्टाच्या बाह्या कोपरांच्याही खाली आल्यासारख्या दिसत होत्या. पायरी उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला, आणि उतरल्यावर ते गल्लीच्या तोंडाकडे, सरळ टँकरच्या दिशेनं, बराच वेळ बघत राहिले. कुणी यायचं असलं की माणूस बघतो तसे. नंदितानं श्वास रोखला. एक पाऊल टाकलं असतं तर ती त्यांच्या नजरेत आली असती. टँकरवाल्यानं नळी काढली, बायकांची एकच गडबड उडाली, आणि त्या गडबडीत ती वळून चालू लागली. पुढच्या रविवारी, ती स्वतःला म्हणाली. आज त्यांना घाई दिसते. पुढच्या रविवारी सरळ दार वाजवायचं. गजरा तिनं बसमध्ये शेजारच्या बाईला दिला. त्या बाईनं तिथेच माळला आणि मग सबंध वाट नंदिताला आईच्या वेणीचा वास येत राहिला.

पुढच्या दिवसांत अप्पांचे मेसेज विरळ झाले. ‘पेशंट ठीक.’ ‘पेशंटला धाप लागते. डॉक्टर येऊन गेले.’ मराठी माणसाची विनंती त्यांनी पुन्हा केली नाही. तिनं कळवलेलं ‘उपलब्ध नाही’ एकदा त्यांच्या दप्तरी लागलं होतं. त्यावर पुन्हा अर्ज करण्यातले ते नव्हते. ती रविवारची वाट बघत होती आणि रविवार यायलाच नको असंही तिला वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी ती येऊन बसली, पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, चौकोन उघडले. अप्पांचा चौकोन वर होता. त्यात अर्ज नव्हता, टिपण नव्हतं, एक अक्षरही नव्हतं. अप्पांनी आकडा दाबला होता. पहाटे, ती कामावर नसताना, यंत्रानं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी निमूटपणे आकडा दाबून उत्तर दिलं होतं, आणि शेवटी घराचं ठिकाण नकाशावरच्या खुणेनं पाठवलं होतं. सेवा: शवपेटी, विजेवर गार राहणारी. कधी हवी: ताबडतोब. मृत्यूशी संबंधित मागणी यंत्रानं एकट्यानं पुरी करायची नाही, माणसानं पाहून होकार द्यायचा, असा कंपनीचा नियम होता. म्हणून ती मागणी नंदितापुढे येऊन थांबली होती. नंदिता त्या आकड्यांकडे बघत राहिली. तिला आधी आई आठवलीच नाही. अप्पांनी आकडा दाबला, एवढंच तिला कळत होतं. ज्या माणसानं सबंध अर्ज तीनदा पाठवला पण आकडा दाबला नाही, त्यानं आज पाच प्रश्नांना पाच आकडे दाबले. वाक्य लिहायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं, आणि वाक्य वाचणारं कुणी पलीकडे आहे असंही त्यांना आता वाटत नव्हतं. मग कुठून तरी तो आवाज वर आला आणि तो आपल्याच घशातून येतोय हे सौम्यानं तिचे खांदे धरल्यावर तिला कळलं. राममूर्ती धावत आले. पडद्यावरचं आडनाव, तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव, त्यांनी एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघितलं. तिच्या हाताखालून माऊस घेतला आणि स्वतः होकार दिला. “जा अम्मा,” ते म्हणाले. “सौम्या, रिक्षा बघ.”

ती पोचली तेव्हा पेटी पोचली होती. पुढच्या खोलीत, जिथे पूर्वी टीव्ही होता तिथे, दोन माणसं वायर ओढून खटका लावत होती. नातेवाईक अजून यायचे होते. बाहेर चार खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यांतल्या एकीवर अप्पा बसले होते, अंगात घरातला बनियन. तिला बघून ते उठले नाहीत. चकित झाले नाहीत. कुणी सांगितलं तुला, असंही त्यांनी विचारलं नाही. “ये,” म्हणाले, आणि आत बघू लागले. सबंध रस्ताभर तिनं ज्या वाक्याची धास्ती घेतली होती ते वाक्य त्या माणसात आता कुठे नव्हतंच. कधीपासून नव्हतं, कोण जाणे.

आत अंजलै आईचे पाय सरळ करत होती. तिनं नंदिताकडे बघितलं, मग आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला विचारायची गरज पडली नाही. ती तोंडावर पदर घेऊन रडली, नि रडता रडता तमिळमध्ये सांगू लागली. अम्मा पहाटे झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. फार गोड बाई. “दिवसभर माझ्याशी बोलायच्या हो. माझ्या मुलींची नावं त्यांना पाठ झाली होती. टीव्हीवरच्या मालिका बघून भांडायच्या. काल रात्री झोपेपर्यंत बडबड चालू होती.”

“तमिळमध्ये?” नंदितानं विचारलं.

अंजलैनं पदर बाजूला केला. “मग कशात? मला दुसरं काय येतं? काय सुंदर तमिळ बोलायच्या अम्मा, आम्हांला लाजवतील असं.” तिनं आईच्या कपाळावरचे केस मागे सारले. “रोज संध्याकाळी वेणी घालून घ्यायच्या. फूल माळ म्हणायच्या. कुणी यायचंय का, मी विचारायची. अय्या, म्हणजे तुमचे अप्पा, म्हणालेत येईल, असं म्हणायच्या आणि हसायच्या. कोण ते सांगायच्या नाहीत.”

नंदिता भिंतीला टेकली. खोलीत तिला ताकाचा, हिंगाचा, औषधांचा वास येत होता. आईचं तमिळ कुठे गेलं नव्हतं. आईला दुसऱ्या कुठल्या माणसाची गरज नव्हती. अंजलै पुरे होती, अप्पांनीच तसं लिहिलं होतं, वक्तशीर आहे, नोंद घ्यावी. मग मराठी येणारं माणूस कशाला हवं होतं? डांगर हा शब्द वाचून अप्पांनी लिहायला घेतलं होतं, थांबले होते, पुन्हा घेतलं होतं, आणि सबंध दुपार विचार करून त्यांना जमलं ते हे एवढंच होतं. जन्मभर ज्या एका भाषेत त्यांनी सगळ्या विनंत्या केल्या, त्याच भाषेत त्यांनी तिला घरी बोलावलं होतं. आणि आईला सांगून ठेवलं होतं.

ती बाहेर आली. अप्पा तसेच बसले होते. ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली, जमिनीवर बसली.

“अप्पा,” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक होतं.”

अप्पांनी गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी नोंद वाचून दाखवावी तसे ते बोलले. “विचारिलें होतें मी. नाही म्हणून सांगिट्लें.”

“मी येणार होते. रविवारी. खरंच येणार होते, अप्पा.” बोलताना तिला ते खरं वाटलं, आणि बोलून झाल्यावर ते खरं होतं की नाही हे तिला कळेना. टँकरचं ती सांगू शकली असती. ते तिनं सांगितलं नाही.

“हौ,” अप्पा म्हणाले. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून खाली आला, तिच्या डोक्यापाशी आला, तिथे ठेवावा की नाही हे न ठरल्यासारखा थांबला आणि परत वर गेला. “तें तिला सांग.”

ती आत गेली. आईला पेटीत ठेवलं होतं, पेटी घरघरत होती, आणि चेन्नईच्या त्या दमट सकाळी झाकणाच्या गार काचेवर बाहेरून वाफ धरली होती. आई दिसत नव्हती. नंदितानं ओढणीनं काच पुसली. आईचा चेहरा दिसला, बाजूला घातलेली वेणी दिसली, आणि बघता बघता काच पुन्हा धुरकट झाली. तिनं पुन्हा पुसली. “आई, मी आलें,” ती म्हणाली, त्या जुन्या मराठीत, जी तिनं वर्षानुवर्षं तोंडातून काढली नव्हती आणि जिचे शब्द आता तिला शोधावे लागत होते. “रविवारी येणार होतें,” ती म्हणाली. काच वाफ धरत होती, ती पुसत होती, आणि सांगत होती.